उजवा स्नायू मऊ होता

या सदरातले अनुभव मी वाचायचे ते बहुतेक वेळा हसायलाच. पिंपळाखाली दिसलेली बाई, गाडीच्या काचेत दिसलेला माणूस... मला नेहमी वाटायचं, या लोकांना झोप कमी पडते किंवा चष्म्याचा नंबर वाढलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं क्लिनिक पाथर्डीत, पुढे दोन खोल्या दवाखाना आणि मागे घर. दिवसभर माणसांच्या माना, पाठी, गुडघे हातात असतात. हाताला लागेल तेवढंच खरं, हा माझा स्वभाव. आणि गंमत अशी की जे घडलं तेही हातालाच लागलं. त्यामुळे मला आता कुणावर हसता येत नाही.

आधी इंदूमावशीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही.

आईच्या मागे मला वाढवलं ते इंदूमावशीने. आमच्या भागातली निम्मी गावं दिवाळीनंतर ओस पडतात, लोक ऊसतोडीला जातात. मावशीही जायची. काका लवकर गेले, मग ती दिरासोबत कोयता धरायची, म्हणजे जोडीने तोड करायची. ती तोडायची, मोळ्या बांधायची आणि त्या डोक्यावर घेऊन फळी चढून ट्रॉलीत टाकायची. फळी म्हणजे जमिनीपासून ट्रॉलीच्या काठापर्यंत तिरकी टेकवलेली लाकडी पट्टी, पाऊल मावेल एवढीच रुंद.

मी कॉलेजात असताना मानेचे स्नायू शिकले ते पुस्तकातून कमी आणि मावशीच्या मानेवरून जास्त. आमच्या वर्गातल्या मुलींच्या माना लोण्यासारख्या, बोट कुठे ठेवावं कळायचं नाही. मावशीची मान मात्र नकाशा होती. ती भाकरी थापत बसलेली असायची आणि मी मागे बसून कवटीपासून पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस बोटाने चाचपायचे. मग पुढे येऊन स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव आगगाडीएवढं आहे, पण काम सोपं. कानामागच्या हाडाला वरचं टोक, खाली एक फाटा छातीच्या हाडाला आणि दुसरा गळपट्टीच्या हाडाला. खुबी अशी की उजवीकडचा हा स्नायू आखडला की तोंड डावीकडे वळतं, आणि डावीकडचा आखडला की उजवीकडे. व्हायव्हाला निम्मी पोरं इथेच आपटतात. मीही आपटले असते, पण मावशीला मी "आता डावीकडे बघ" म्हणायचे आणि उजव्या बाजूला दोर उभा राहायचा. मावशी म्हणायची, "बघ बाई, कुटं कुटं गाठी मारल्यात देवानं ते. मला फकस्त वज्याचं कळतं."

ओझ्याचं तिला खरंच कळायचं. तिने सांगितलेले दोन नियम माझ्या पक्के लक्षात आहेत. डोक्यावर मोळी असताना मान वळवायची नाही, वळायचं तर पायापासून अख्खं वळायचं. आणि फळीवर चढलेल्या बाईला मागून कुणी हाक मारायची नाही. आग लागली तरी नाही. हे टोळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण हाक आली की माणूस वळतोच, मान आपलं ऐकत नाही.

मावशी फळीवरून पडून गेली. श्रीरामपूरच्या बाजूला फड चालू होता, भर दुपारी. मोळीसकट खाली आली आणि मान मोडली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. टोळीचा मुकादम बबन प्रेत घेऊन गावी आला आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की बाईला उपासाने चक्कर आली. पोरीसाठी मंगळवार धरले होते ना, पोटात अन्नाचा कण नाही, फळीवरच डोळे फिरले.

हे ऐकून ज्योतीचं जे झालं ते मी बघितलंय. ज्योती म्हणजे मावशीची मुलगी. तिचा नर्सिंगला नंबर लागावा म्हणून मावशीने मोहट्याच्या देवीला मंगळवार धरले होते, आणि ते धरायला ज्योतीनेच आईला सांगितलं होतं. म्हणजे मुकादमाच्या एका वाक्याने आईला मारल्याचं पाप पोरीच्या पदरात पडलं. नर्सिंगला नंबर लागला होता, तोही तिने सोडला. मंगळवारी तर तिच्या घशाखाली घासच उतरेना. इतर दिवशीही चार घास झाले की हात थांबायचा, गळा आवळून यायचा. नगरला नेऊन दुर्बिणीने तपासलं, गळ्यात काही नाही. गिळायचे स्नायू ठणठणीत. लग्नानंतर मी पाथर्डीत क्लिनिक टाकलं तेव्हा तिला माझ्याकडेच आणलं. माझ्या डोळ्यांदेखत ती वाळत चालली होती. चोवीस वर्षांची पोरगी, पण गळपट्टीच्या हाडांच्या वर खड्डे पडलेले.

मला त्या चक्करवर कधीच विश्वास नव्हता. उपासाच्या दिवशी मावशी तीन ट्रॉल्या भरायची आणि वर माझ्याशी भांडायची. मी टोळीतल्या माणसांना खोदून विचारलं. सगळे तोंडात गुळणी धरून बसले. त्यांचेही हात दगडाखाली, पुढच्या वर्षी त्याच मुकादमासोबत जायचं. मावशीच्या दिराने तर माझ्याकडे बघायचंच सोडलं. मग मी गप्प बसले, पण विसरले नाही. खोटं कशाला सांगू, त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मी रोज सकाळी दात घासताना म्हणायचे. देवाला मानत नाही, तरी म्हणायचे.

आणि मागच्या दसऱ्यानंतर, टोळ्या निघायची गडबड चालू असताना, तोच बबन मुकादम माझ्या क्लिनिकच्या पायऱ्या चढून आला.

मी त्याला लगेच ओळखलं. त्याने मला नाही. पाटीवर सासरचं नाव, आणि मावशीच्या मातीला मी रडून सुजलेली पोर होते. तसंही तो माझ्याकडे बघू शकत नव्हता. त्याचं तोंड पूर्ण डावीकडे वळलेलं होतं, हनुवटी खांद्याला टेकायची बाकी. अंग सरळ चालतंय आणि चेहरा भलतीकडेच. सोबत आलेला माणूस बाहेर जीपमध्येच बसून राहिला.

"म्याडम, मान सरळ करून द्या. टोळी निघायचीय," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

हातात नगरच्या मोठ्या दवाखान्याची पिशवी. एक्स-रे, एमआरआय सगळं झालेलं आणि सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी मानेचा डिस्टोनिया असं नाव दिलं होतं, म्हणजे मेंदूच्या चुकीच्या हुकमाने स्नायू आखडून बसतो. इंजेक्शनची तारीख दिली होती, तोवर शेक आणि व्यायाम. मी असे पेशंट पाहिलेले आहेत, त्यामुळे नवल वाटलं नाही. वाटला तो आनंद. आत कुठेतरी गार गार वाटलं. मग माझी मलाच जरा लाज वाटली आणि मी त्याला स्टुलावर बसवलं.

कधीपासून, कसं, हे विचारलं. गणपतीनंतर जोड्या जमवायला सुरुवात केली, तेव्हा अंगणात उभा असताना मागून हाक आली म्हणे. वळून बघितलं तर कुणी नाही. असं दोन-चारदा झालं. शेवटच्या वेळी वळला, आणि मान तिथेच राहिली.

कुणाची हाक, मी विचारलं.

"माजीच," तो म्हणाला. "आवाज माजाच हुता."

काय म्हणून हाक आली, हे विचारल्यावर त्याने नुसती रिपोर्टची पिशवी पुढे केली. पेशंट अशा चमत्कारिक गोष्टी सांगतात, मी मनावर घेतलं नाही आणि त्याच्या मानेला हात लावला.

इथून पुढचं नीट वाचा. तोंड डावीकडे वळलंय, म्हणजे उजवा स्नायू दोरासारखा ताठ लागायला हवा. मी बोट ठेवलं तर उजवा मऊ. मळलेल्या कणकेसारखा मऊ. कानामागून छातीच्या हाडापर्यंत पूर्ण चाचपला, कुठेही ताण नाही. डाव्या बाजूला मागे काही स्नायू आहेत, तेही तोंड डावीकडे वळवू शकतात. तेही चाचपले... सैल. खोलवरच्या छोट्या स्नायूंपर्यंत बोट पोचत नाही हे कबूल, पण ते एवढी मान रोखून धरणारे नाहीत.

आणि ताठ काय होतं, तर डावा. ज्याचं काम तोंड उजवीकडे आणायचं, तो डावा स्नायू पार थरथरत होता. म्हणजे हा माणूस जीव खाऊन मान सरळ करायला बघत होता. त्याच्या स्वतःच्या अंगातलं काहीही ती मान डावीकडे नेत नव्हतं.

तो श्वासही मानेने घेत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, छातीचे मोठे स्नायू ताठलेले, गळपट्टीची हाडं दर श्वासाला वर चढतायत. असा श्वास दमेकरी घेतो, नाहीतर डोक्यावर वजन घेऊन चढण चढणारा माणूस घेतो. मी हनुवटीला तळहात लावून मान सरळ करायला जोर लावला. रेसभरही हलली नाही.

तेवढ्यात ज्योती आतून शेकाची पिशवी घेऊन आली. घरातून दवाखान्यात यायचं दार डावीकडे, म्हणजे त्याचं तोंड होतं त्याच बाजूला. तिने त्याला ओळखलं आणि जागीच उभी राहिली. मग खोली ओलांडून उजवीकडच्या टेबलावर पिशवी ठेवायला गेली.

मुकादमाची मान तिच्यासोबत वळली.

मी एवढा जोर लावून न हललेली मान, हळूहळू, कुणी जातं फिरवावं तशी डावीकडून मध्यावर आणि मध्यावरून उजवीकडे गेली. माझी बोटं अजून त्याच्या मानेवरच होती. मान फिरताना बोटांखाली अदलाबदल झाली, डावा सैल पडला आणि उजवा दोर उभा राहिला. आता उजवा विरोध करत होता. आणि मग मला त्याची हनुवटी दिसली. एका बाजूला एक खळी, दुसऱ्या बाजूला दोन. मांस आत दबलेलं.

लहानपणी वेणी घालताना मी इकडे तिकडे बघायला लागले की मावशी माझी हनुवटी अंगठा आणि दोन बोटांत धरायची आणि वळवायची. तशाच खुणा मी ज्योतीच्या हनुवटीवरही पाहिल्यात, ती रुसून बसायची तेव्हा.

मी घाबरले का? हो. पण त्याहून मोठा संताप होता. मी पुन्हा विचारलं, मुकादम, हाक काय म्हणून येते?

त्याने डोळे घट्ट मिटले होते, पण तोंड ज्योतीकडेच. मला वाटलं आत्ताही कानावर हात ठेवेल. पण तो बोलला.

"ए इंदे, हिकडं बघ... आसं. माज्याच आवाजात."

मला सगळं एका क्षणात लख्ख कळलं, आणि तरी मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. ती फळीवर होती तेव्हा हाक मारलीत? मी विचारलं.

"व्हय. ट्रॉली हलवायची घाई हुती. म्या वरडलो. ती वळली."

"आन् चक्कर?" हे ज्योतीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं त्याला ऐकूच गेला नसेल.

"चक्कर न्हवती. मंगळवार हुता, पर तिनं खाल्लं हुतं. आंग लई दुखत हुतं तिचं. म्हनली, देवी समजून घील, आन् माज्या म्होरं भाकर खाल्ली. उपासाचं म्या जोडलं." मग तो म्हणाला, "पोरी, तुजा काय संबंद न्हाई त्यात."

ज्योतीने टेबलाचा काठ धरला. रडली नाही. एवढी वर्षं तिने जे गिळलं होतं ते बाहेर यायला वेळ लागणार होता.

आणि मुकादमाची मान सैल पडली. हनुवटीवरच्या खळ्या भरून आल्या. त्याने डोळे उघडले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली, खाली केली. तो चक्क हसला. मी दोन्ही हात त्याच्या जबड्याच्या बाजूंना लावून मान कुठवर फिरते ते तपासू लागले. हाताची सवय, दुसरं काय. सगळं व्यवस्थित होतं.

खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, संपलं. कबूल केलं, सुटला. मला ते आवडलं नाही, पण वाटलं, ठीक आहे, मावशीचं मन मोठं होतं.

तर हा गृहस्थ खिशातून रुमाल काढून मान पुसत म्हणाला, "म्याडम, एक करा. हे हितंच ऱ्हाऊ द्या. टोळी बांधलीय माजी. भाईर मी चक्करच सांगनार."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हाताला काहीतरी लागलं. माझा उजवा हात त्याच्या जबड्यावर होता, आणि माझ्या बोटांच्या शेजारी, अगदी चिकटून, दुसरी बोटं आली. दिसत काही नव्हतं. खरखरीत, टोकांना चिरा पडलेली बोटं. उसाच्या पाल्याने हात कापून कापून अशी होतात. मी ती बोटं अर्धं आयुष्य धरून चालले आहे, मला कुणी ती ओळखायला शिकवायची गरज नाही.

मला कॉलेजात शिकवलंय की पेशंटची मान हातात असताना झटका येतोय असं वाटलं तर दोन्ही हातांनी आधार द्यायचा, सोडायचं नाही. मला ते आठवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला काय होणार हे कळलं होतं. त्याचा हात माझ्या मनगटाकडे आला.

मी माझे हात काढून घेतले.

"मावशी, तू बघ," मी म्हटलं, मोठ्याने.

मान डावीकडे गेली, आधी होती त्याहून पुढे, खांद्याच्या मागे. तो ओरडला तेव्हा जीपमधला माणूस धावत आला आणि त्याला घेऊन गेला. मी त्याच्याकडून फी घेतली नाही. माझ्या हातून उपचार झालेलेच नव्हते.

ज्योती आत गेली. मी थोड्या वेळाने गेले तर ती चुलीपुढे उकिडवी बसून सकाळची भाकरी खात होती. कोरडी, मीठ-मिरची लावून. घास गळ्यातून उतरताना दिसत होता, एकामागून एक. मी दारात उभी राहून ते बघत राहिले. वार मंगळवारच होता. यंदा तिने नर्सिंगला पुन्हा प्रवेश घेतलाय आणि माझ्या ताटातलंही उचलून खाते.

आता मुकादमाचं. त्याला इंजेक्शनं दिली, उजव्या स्नायूला. मुळात सैल असलेला स्नायू आणखी सैल झाला, मान तशीच. टोळी दुसऱ्या मुकादमाकडे गेली. लोक सांगतात की तो स्टँडवर बसतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगतो, की मी इंदूला फळीवर असताना मागून हाक मारली, चक्कर खोटी. सांगत असतो तेवढा वेळ मान सरळ राहते. सांगून झालं की पुन्हा वळते. म्हणून तो पुन्हा दुसऱ्या कुणाला तरी धरतो. मी स्वतः एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं. मला उतरावंसं वाटलं नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. नगरच्या दोघा न्यूरोलॉजिस्टना मी ही केस नाव न सांगता विचारली. मनातलं ओझं आणि डिस्टोनिया यांचा संबंध असतो, म्हणाले. असेलही. पण काम करणारा स्नायू सैल आणि विरोध करणारा ताठ, हे कसं, यावर दोघेही म्हणाले की तुमची तपासणी चुकली असेल. माझी तपासणी चुकली नाही. मान तपासायला मी मावशीच्या मानेवर शिकले आहे.

गेल्या महिन्यात मुकादमाची बायको आली होती. बिचारी चांगली बाई आहे, तिचा यात काही दोष नाही. पदर पसरून म्हणाली, "ताई, तुमी तिच्या रक्ताच्या. तुमचं ऐकंल ती. येक डाव हाक मारा तिला, म्हनावं आता सोड."

मी तिला पाणी दिलं, चहा दिला. आणि सांगितलं, "काकू, माझी मावशी अजून फळीवर हाय. फळीवरच्या बाईला मागनं हाक मारत न्हाईत."